वायच बाजूक हो

दहिसर पूर्वेला, नदीपासून हाकेच्या अंतरावर, लवू राऊळचा फोटो स्टुडिओ अठ्ठावीस वर्षं चालला. तेवढ्या काळात त्याने अर्ध्या दहिसरचे चेहरे काढले. शाळेच्या फॉर्मवर लावायचे, नोकरीच्या अर्जाचे, मुलीला स्थळ दाखवायचे आणि शेवटी हार घालून भिंतीवर टांगायचे. हा शेवटचा उपयोग गिऱ्हाइकाच्या मनात नसे, पण लवूच्या असे. पन्नाशीच्या पुढचं कुणी खुर्चीवर येऊन बसलं की तो दिवा जरा मायेने लावायचा, मान हाताने नीट करायचा, आणि मग त्याचं नेहमीचं वाक्य यायचं, ‘‘हां, आता हलू नका.’’ एवढ्या लोकांची सोय करून ठेवलेल्या या माणसाची बायको, रुक्मिणी, गेल्या फाल्गुनात वारली, तेव्हा घरात तिचा धड एक फोटो सापडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अगदीच नव्हते असं नाही. लग्नातला एक होता, पण त्यात निम्मं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं आणि उरलेलं निम्मं लाजून खाली घातलेलं. राजेशच्या, म्हणजे मुलाच्या लग्नाच्या आल्बममध्ये ती सतरा ठिकाणी होती, आणि सतराही ठिकाणी पाठमोरी, कुणाला तरी जेवायला वाढताना. राहिला आधार कार्डावरचा. त्या फोटोत सगळे दिसतात तशीच ती दिसत होती, म्हणजे नुकतंच पोलिसांनी आणून उभं केल्यासारखी. दिवसकार्य त्यांनी देवाच्या तसबिरीसमोरच उरकलं. तेव्हा कुणाला काही सुचतही नव्हतं.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले तेव्हा राजेशने विषय काढला. ‘‘बाबा, या वेळी आईचा फोटो हवा. आधारवरचाच मोठा करू ना. हल्ली अॅपमध्ये सगळं नीट करून देतात. हसतं पण करतात.’’

लवू तसा रागीट नाही. पण त्या दिवशी त्याने हातातला कप असा आदळला की बशी तडकली. ‘‘तुझी आई कशी हसायची ते अॅप ठरवणार?’’

राजेशने तडकलेली बशी उचलून ठेवली. लवू रागावला होता तो मुलावर नव्हे, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. एकाहत्तर वर्षांचा फोटोग्राफर, आणि बायकोचा फोटो नाही. लोक विचारतील ते विचारतील, पण तो स्वतःच स्वतःला रोज विचारत होता.

हे असं का झालं ते सांगायचं तर लवूच्या रविवारांबद्दल सांगावं लागेल.

गिरणी संपात गेली तेव्हा लवूच्या बापाने लालबागची खोली सोडून दहिसरला बिऱ्हाड आणलं. लवूने तेव्हा बोरिवलीच्या शिवदासमास्तरांच्या स्टुडिओत उमेदवारी करून हात बसवलेला होता. वर्षभरात त्याने स्वतःचं दुकान टाकलं. दुकानामागे, टेकडीच्या अंगाला दगडाची एक जुनी खाण होती आणि खाणीच्या तोंडाशी विहीर. एकदा लवू गणपतीला गावी गेला आणि पंधरा दिवसांनी परतला, तर विहीर नाही. बुजवून वर पत्र्याची शेड. त्याने चहावाल्याला विचारलं, विहीर नक्की कुठे होती रे? चहावाला म्हणाला, शेडच्या खाली. वाणी म्हणाला, नाही, शेडच्या अलीकडे. न्हावी म्हणाला, कसली विहीर? पंधरा दिवसांत माणसं विहिरीची जागा विसरली, याचा लवूला भारी धसका बसला. माणसं आपले फोटो काढून घ्यायला दुकानात चालत येतात. जागा कशी येणार? तिच्याकडे आपणच गेलं पाहिजे, असं त्याच्या डोक्याने घेतलं.

मग दर रविवारी तो निघू लागला. एका खलाशाकडून घेतलेला सेकंडहँड जपानी कॅमेरा, छत्तीस फोटोंचा रोल, आणि पिशवी धरायला रुक्मिणी. पिशवी म्हणजे तपकिरी रेक्झिनची, एका खांद्याला अडकवायची. तिच्यात लेन्स, पाण्याची बाटली आणि भाकरीचा डबा. कांजूरमार्गची मिठागरं, मालाडच्या पलीकडची खाडी, मुलुंडचा डोंगर, आणि कुठेच जमलं नाही तर घराजवळची दहिसर नदी. मिठागरात मिठाच्या राशी उन्हात अशा चमकायच्या की डोळे मिटावे लागत. त्यामागे कचऱ्याचा डोंगर दरवर्षी थोडा थोडा वर येत होता. लवू वर्षातून एकदा त्याच बांधावरून तोच फोटो काढायचा. पाच वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की डोंगर उठून उभा राहताना दिसायचा.

या फोटोंना घरात आणि गल्लीत एकच नाव होतं. रिकामे फोटो. ज्यात माणूस नाही तो फोटो रिकामा, असा साधा हिशेब. त्याची बहीण शेवंताबाय तर तोंडावर म्हणायची, ‘‘लोक पैसे दिऊन माणसांचे फोटो काढतत, ह्यो पैसे घालून चिखलाचे काढता.’’ लवूला त्याचं काही नव्हतं. फक्त फोटोत माणूस आलेला त्याला खपत नसे. माणूस आला की डोळा माणसाकडे जातो, जागा राहते बाजूला. मग रुक्मिणी समोर आली की तो कॅमेऱ्यातून डोळा न काढता डाव्या हाताने हवा सारल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, ‘‘वायच बाजूक हो गो.’’ वायच म्हणजे जरासं. जगाला तो सांगायचा हलू नका, आणि बायकोला तेवढं सांगायचा बाजूला हो.

तिने कधी फोटो मागितला नाही असंही नाही. मागितला की लवू म्हणायचा, रोल नीट चढवला तर छत्तिसाचे सदतीस निघतात. तो सदतिसावा तुझा. पण सदतिसाव्याच्या वेळी नेमका ढग सुरेख यायचा, नाहीतर बगळा उतरायचा. आणि रुक्मिणी पिशवी सावरून म्हणायची, ‘‘असांदे.’’ असू दे.

तरी एक गोष्ट लवूला खटकायची. या चिखलात फिरायला जाताना रुक्मिणी ठेवणीतली साडी नेसायची. कधी गणपतीला घेतलेली मोरपिशी, कधी बहिणीने दिलेली डाळिंबी. तो चिडवायचा, ‘‘झाडांका दाखवतंस काय?’’ ती हसायची. मिठागरातून घरी आल्यावर साडीचा काठ धूत बसायची.

पुढे रोल गेले, स्टुडिओतले पासपोर्ट फोटोही मोबाइलने खाल्ले आणि लवूने दुकान बंद केलं. रविवार थांबले. निगेटिव्हच्या पट्ट्या तेवढ्या रुक्मिणीने जिवापाड सांभाळल्या. बटरपेपरच्या पाकिटात एकेक पट्टी, पाकिटावर तिच्या गोल अक्षरात वर्ष आणि जागा, आणि सगळं बिस्किटाच्या पत्र्याच्या चार डब्यांत.

ते डबे श्वेताने, म्हणजे सुनेने, माळ्यावरून काढले. तिचं म्हणणं साधं होतं. ‘‘एवढी वर्षं आई बरोबर होत्या ना, बाबा? कुठेतरी चुकून आल्या असतील.’’

‘‘माझ्या फोटोत चुकून कुणी येत नाय,’’ लवू म्हणाला. त्याही परिस्थितीत त्याला हे सांगताना थोडा अभिमान वाटला.

‘‘बघू तर.’’

श्वेता अंधेरीच्या एका ऑफिसात नोकरी करते, आणि एखादी गोष्ट हातात घेतली की सोडत नाही. रविवारी सकाळी तिने लॅपटॉपचा स्क्रीन पांढरा केला, त्यावर पट्टी ठेवली, वरून मोबाइलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले. मिठागर उजळून आलं. लवू शेजारी खुर्ची घेऊन बसला होता. किती वर्षांनी बघत होता तो हे. बांध, पाण्यात पडलेलं आभाळ, मिठाच्या राशी. आता तिथे जायला वाटही नाही. तो फोटोचं कौतुक करण्याच्या बेतात होता, तेवढ्यात श्वेता म्हणाली, ‘‘बाबा, ही पिशवी कुणाची?’’

फोटोच्या अगदी उजव्या कडेला तपकिरी रेक्झिनचा पट्टा होता. पट्ट्यावर एक कोपर. कोपराला हिरव्या बांगड्या.

लवूने भिंग आणलं. पट्टी खिडकीशी धरली. मग दुसरी, मग तिसरी. आणि त्याला एकदम शिवदासमास्तरांचा आवाज ऐकू आला. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, ‘‘तुझ्या डोळ्याला कॅमेऱ्यात जेवढं दिसतं ना, फिल्मवर त्याहून जास्त येतं. चारी बाजूंनी दोरीएवढी कड जास्त. नवरानवरीच्या शेजारी केळं खाणारा मामा असेल, तर त्याला तुला वाटतं त्यापेक्षा दोन पावलं लांब हाकल.’’ लग्नात लवूने मामांना हाकललं. रविवारी मात्र त्याची फिकीर नसे, कारण बोरिवलीच्या लॅबमध्ये प्रिंट काढताना मशीन चारी कडा खाऊनच टाकायचं. प्रिंट यायची ती स्वच्छ, रिकामी. निगेटिव्हच्या नखाएवढ्या चौकोनांत पुन्हा कोण डोकावतो?

एक जण डोकावायची.

आता त्याला ती संध्याकाळही आठवली. सालाबद्दल शंका नाही, कारण त्याच वर्षी राजेश पहिलीत गेला होता, त्र्याण्णव साल. रुक्मिणी जमिनीवर बसून पट्ट्या पाकिटात घालत होती. एका हातात पट्टी, एका हातात प्रिंट.

‘‘ह्या पट्टीत कडेक माड आसा, नि फोटोत नाय.’’

त्याने समजावून सांगितलं. कॅमेऱ्यात दिसत नाही, फिल्मवर येतं, मशीन कापतं.

‘‘मगे तां खंय जाता?’’ कापलेलं कुठे जातं, ते तिला हवं होतं.

‘‘जातला खंय? निगेटिव्हात रवता.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘पट्टी आसा तवसर.’’ पट्टी आहे तोवर.

‘‘म्हणजे कायम,’’ ती म्हणाली, आणि पाकीट बंद केलं.

त्यानंतर रोल धुऊन आला की ती दर वेळी पट्ट्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी धरून बघायची. लवू विचारायचा, काय करतेस? ती म्हणायची, मोजतंय. त्याला वाटायचं, फोटो मोजतेय.

श्वेताने पाकिटं वर्षावार लावली. सुरुवातीच्या वर्षांत कुठे कोपर, कुठे चप्पल, कुठे वाऱ्याने उडालेला पदर. हे सगळं खरोखर चुकून आलेलं. त्र्याण्णवच्या पुढे खांदा आला. मग अर्धं तोंड. पण कड असते दोरीएवढी, तिच्यात जवळ उभं राहिलेलं अख्खं माणूस मावत नाही. रुक्मिणीला हे पट्ट्या बघून बघून कळलं असणार. कारण पुढे पुढे ती लांब गेली. बाजूक हो म्हटलं की ती इतकी लांब चालत जायची की लवूला वाटायचं, रुसली. एकदा मालाडच्या खाडीवर तो तसं म्हणालाही होता, ‘‘एवढां काय रागवान जाऊक नको.’’ ती रागावली नव्हती. ती कडेत मावायला गेली होती. पंच्याण्णवपासून जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढी, पण डोक्यापासून पायापर्यंत सगळी, रुक्मिणी उभी होती. खाडीच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, बांधाच्या शेवटी. कधी मोरपिशी, कधी डाळिंबी. आणि प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्याकडे बघत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सदतिसावा, सदतिसावा म्हणत लवू तिला टोलवत राहिला, आणि तिने छत्तीसच्या छत्तीस घेऊन ठेवले होते.

लवू रडला. हुंदके देऊन रडला. श्वेता उठून चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सासऱ्याला रडताना बघू नये, एवढं तिला कळत होतं.

त्याला कशाचं जास्त वाईट वाटत होतं ते त्याने पुढे राजेशला सांगितलं. आयुष्यभर त्याला भीती होती ती जागांची. आज आहे, उद्या नाही. खाडीत भराव, नदीला भिंत, डोंगराला पोखरणी. म्हणून धावत जाऊन काढून ठेवायचं. बायको काय, ती आहेच पिशवी धरून. ‘‘तुझी आई मोडण्यासारखी वस्तू आहे, असं माझ्या डोक्यातच आलं नाही रे,’’ तो म्हणाला. राजेशने त्याच्या पाठीवर हात ठेवला. अॅपचा विषय तिथेच संपला.

फोटो निवडला सत्त्याण्णवचा, दहिसर नदीचा. नदी तिथे वळते, म्हणजे वळायची. करंजाची झाडं पाण्यावर ओणवलेली, मधे काळे गुळगुळीत धोंडे, पाणी घोट्याएवढं. आता दोन्ही बाजूंनी भिंत आहे आणि वळणही सरळ झाल्यासारखं वाटतं. फोटोत डाव्या कडेला, पलीकडच्या काठावर, मोरपिशी साडीतली रुक्मिणी. उन्हासाठी एक हात कपाळावर. श्वेताने पट्टी अंधेरीला नेऊन नीट स्कॅन करून आणली. राजेशने चेहरा तेवढा मोठा करून बघितला, पण तीन-चार रंगाचे ठिपके उरले, माणूस उरलं नाही. मग लवू म्हणाला, अख्खा फोटो लावायचा. नदीसकट.

‘‘श्राद्धाला नदीचा फोटो? लोक काय म्हणतील?’’ राजेशने विचारलं.

‘‘रिकामा म्हणतील. आजवर तेच म्हणत आले.’’

फ्रेम करायला तो सीतारामकडे गेला. सीताराम स्टेशनजवळचा जुना फ्रेमवाला. दोघांचा दोस्ताना दुकानं उघडल्यापासूनचा. दुसऱ्या दिवशी फ्रेम तयार झाली. सागवानी पट्टी, झकास पॉलिश. लवूने फोटो हातात घेतला, डावीकडे बघितलं आणि तो ओरडलाच, ‘‘अरे, खाल्लीस ना तिला!’’

सीताराम गोंधळला. लाकडी पट्टी फोटोवर पाव इंच चढते, त्यात डावी कड गेली होती.

‘‘पट्टी चढणारच, लवू. नाहीतर फोटो धरायचा कशावर?’’

‘‘कशावर पण धर. पण कडा खाऊ नको.’’

‘‘वा रे वा. जन्मभर मला कोण सांगायचं, सीताराम, कडा दाब, कडेला घाण असते म्हणून?’’

लवू स्टुलावर बसला, आणि त्याने बोट ठेवून दाखवलं कुठे काय झाकलं गेलंय ते. सीताराम रुक्मिणीला ओळखत होता. त्याच्या दुकानात तिने कितीदा भाकरीचा डबा ठेवला असेल. त्याने काच काढली, फोटो काढला, मागे मोठा पांढरा पुठ्ठा लावला, आणि फोटोच्या चारी बाजूंनी तीन बोटं पांढरी जागा सोडून मग पट्टी बसवली. ‘‘आता खाऊ दे पट्टीला पुठ्ठा,’’ तो म्हणाला.

वर्षश्राद्धाला शेवंताबाय आली. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले, जीभ शाबूत. पाटावर ठेवलेल्या फोटोसमोर ती उभी राहिली. हार लवूने मुद्दाम लहान आणला होता आणि फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यावरून सोडला होता.

‘‘रे लवू, बायलेच्या श्राद्धाक पण रिकामो फोटो? ह्येच्यात माणूस खंय आसा?’’

लवूने तिचं बोट धरलं आणि काचेच्या डाव्या कडेला नेऊन टेकवलं. शेवंताबायने चष्मा वर केला, खाली केला, नाक काचेला लागेपर्यंत वाकली.

‘‘अगो बाय. ह्यां तर रुक्मिणी.’’ मग ती भावाकडे वळली. ‘‘इतक्या लांब कशाक उभी केलंस तिका?’’

भटजी पाणी मागत होते, राजेश दर्भ शोधत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. शेवंताबायने भावाच्या दंडावर हात दाबला आणि जाऊन खुर्चीत बसली.

पानं उठली, पाहुणे गेले, श्वेताने स्वयंपाकघर आवरलं. दुपारचं ऊन खिडकीतून सरळ काचेवर आलं आणि फोटोत नुसती चमक दिसू लागली. लवूने फ्रेम भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली, सरळ केली आणि नीट दिसावी म्हणून सवयीने पाच पावलं मागे गेला. एक डोळा बारीक केला. डावा हात आपोआप वर आला आणि हवा सारू लागला.

‘‘वायच...’’ तोंडातून निघालंच. मग हात तिथेच थांबला.

पलीकडच्या काठावर रुक्मिणी कपाळावर हात धरून त्याच्याकडे बघत होती.

‘‘हलू नको गो,’’ लवू म्हणाला.